आवक-जावक सांभाळणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

आज शेवटच्या पाकिटावर पट्टी चिकटवली आणि घड्याळ पाहिलं. एकशे बारा पाकिटं, पाऊण तासात. गेल्या हंगामात एवढ्याच पाकिटांना तिकिटं लावता लावता माझी अख्खी संध्याकाळ जायची. तेव्हाच ठरवलं, आज तुम्हाला पत्र लिहायचंच. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यासारख्या छोटा धंदा करणाऱ्या पुष्कळांच्या उपयोगाचं आहे, आणि तुमचा स्वभाव असा की तुम्ही आपणहून कुणाला सांगायला जाणार नाही.

आपली ओळख झाली त्या दिवशी माझ्या पिशवीत फ्रँकिंग मशीनच्या, म्हणजे तिकिटाऐवजी टपालखर्चाचा शिक्का छापणाऱ्या यंत्राच्या, भाड्याचा करार होता. पाच वर्षांचा. प्रतिनिधीनं मशीन चालवून दाखवलं होतं, पाकिटं एकामागून एक सपासप बाहेर पडत होती, आणि मी भारावून गेले होते. दुसऱ्या दिवशी सही करणार होते. तुम्ही कागद हातातही घेतला नाहीत. विचारलंत, "रोज किती पाकिटं जातात?" मी म्हटलं, "बरीच जातात." तुम्ही म्हणालात, "बरीच म्हणजे किती ते लिहून काढ. महिनाभर जावक नोंदवही ठेव, मग बोलू."

माझा धंदा बियाण्यांचा. फुलझाडांची, भाज्यांची बियाणी लहान लहान पुड्यांत बांधून टपालानं पाठवते. नोंदवहीत तारीख, पाकिटांची संख्या, वजन आणि टपालखर्च एवढंच लिहायचं असं मला वाटलं होतं. तुम्ही दोन रकाने वाढवलेत: "लागत होतं ते" आणि "लावलं ते". महिन्याअखेर त्या दोन रकान्यांनी माझे डोळे उघडले. दर तीन पाकिटांमागे एकावर मी जरुरीपेक्षा जास्त तिकिटं लावत होते. वजन अंदाजानं धरायचं, पाकीट परत येऊ नये म्हणून एक तिकीट जास्त चिकटवायचं, आणि हाताशी असलेल्या किमतींची तिकिटं जुळवताना आणखी थोडं वर जायचं. तुम्ही म्हणालात, "आधी वजनकाटा घे. मशीन कुठं पळून जात नाही." मशीन येण्याच्या आधीच खर्च उतरायला लागला होता, काकू. हे मी ज्याला त्याला सांगते.

नोंदवहीतून दुसरीही गोष्ट दिसली. हंगामात दिवसाला शंभरावर पाकिटं आणि एरवी वीस-बावीस. शिवाय बियाण्यांची पाकिटं फुगीर, कुठं जाड कुठं पातळ. ज्या झपाझप पाकीट ओढणाऱ्या मशीनवर मी भाळले होते, त्यातून ती धड गेलीच नसती. मला हवं होतं ते हातानं चालवायचं लहान मशीन, जे चिकटपट्टीवर शिक्का छापून देईल आणि ती पट्टी मी पाकिटावर लावेन. हे प्रतिनिधीनं सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. जुनं मशीन स्वस्तात विकत घ्यावं म्हणून शोधू लागले. तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मला फार आवडलं. मशीनचा पाया वेगळा आणि त्यातला मीटर, म्हणजे शिक्का छापून खर्चाचा हिशेब ठेवणारा भाग, वेगळा. मीटर जे छापतो ते टपालखात्याच्या दृष्टीनं पैसेच असतात, म्हणून तो कुणाच्याही हाती मोकळा देत नाहीत. अमेरिकेत आर्थर पिटनी यांना अशा यंत्राचं पेटंट 1902 साली मिळालं, पण टपालखात्याची मान्यता यायला 1920 उजाडलं. तोवर उद्योजक वॉल्टर बोज त्यांच्याबरोबर आले होते. भरलेली रक्कम संपली की मीटर आपोआप बंद पडला पाहिजे, ही त्यातली कळीची गोष्ट. सुरुवातीला मीटर सुटा काढून टपाल कचेरीत न्यायचा, पैसे भरायचे, कर्मचारी आकडा लावून सील करून देणार. आज तेच काम इंटरनेटवरून होतं. अमेरिकेत अजूनही मीटर गिऱ्हाइकाच्या मालकीचा होत नाही, तो मान्यताप्राप्त कंपनीकडून भाड्यानंच घ्यावा लागतो. परवाना आणि मीटर नसलेलं जुनं मशीन म्हणजे नुसतं खोकं, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत. माझे पैसे वाचले.

एवढं झाल्यावर तुम्ही तो पाच वर्षांचा करार वाचायला घेतलात. त्या दुपारी मी बघत राहिले. पहिल्या पानावरचं मासिक भाडं तुम्ही जवळजवळ सोडूनच दिलंत आणि थेट मागच्या बारीक अक्षरांकडे गेलात. शाईचं कार्ट्रिज त्यांच्याकडूनच घ्यायचं का, आणि ते किती छापांपर्यंत पुरतं? मीटरमध्ये पैसे भरताना दर वेळी वेगळा आकार आहे का? टपालाचे दर बदलले की नवे दर मशीनमध्ये घालायचे पैसे वेगळे का? दुरुस्ती भाड्यात धरलीय का? मुदत संपल्यावर मशीन परत पाठवायचा खर्च कुणाचा? मीटरमध्ये उरलेली रक्कम परत मिळते का, आणि किती दिवसांत? मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो नूतनीकरणाच्या कलमाचा. मुदत संपण्याआधी ठरावीक दिवसांत लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढं चालू. एका ओळखीच्या बाईंना असंच नको असलेलं मशीन आणखी वर्षभर पोसावं लागलं होतं, ते मला नंतर कळलं.

तुमच्या सांगण्यावरून मी तीन ठिकाणी एकच पत्र पाठवलं: पूर्ण मुदतीचा सगळा खर्च, सगळे आकार धरून, एका आकड्यात लिहून द्या. दोघांनी दिला. तिसऱ्यांकडून फक्त फोन येत राहिले, आकडा आला नाही, म्हणून त्यांचं नाव आपण खोडलं. तो एकूण आकडा वर्षाच्या पाकिटांनी भागला तेव्हा दर पाकिटामागे मशीनचा बोजा किती ते उघड झालं. सर्वात कमी मासिक भाडं सांगणारी कंपनी शाई आणि इतर आकार धरल्यावर महाग पडत होती. तुम्ही मला हेही प्रामाणिकपणे सांगितलंत की हंगाम नसताना संगणकावरून टपालाचं लेबल छापून घेतलं तरी चालेल, मशीन लागणारच असं नाही. म्हणून तर आपण लांब मुदतीऐवजी एका वर्षाचा करार मागितला. भाडं थोडं जास्त, पण पाय मोकळा.

मशीन आल्यावरही तुमच्या बारीकसारीक सूचना कामी येतात. शिक्क्यात तारीख असते, म्हणून त्या दिवशीच टाकायची तेवढीच पाकिटं छापते. बिघडलेली पट्टी फेकत नाही. परताव्याच्या अर्जाला ती लागते, तेव्हा वेगळ्या लिफाफ्यात ठेवते. हंगाम संपल्यावरही मशीन दिवसेंदिवस बंद ठेवत नाही, नाही तर शाई सुकते. आणि करार पुढं नको असेल तर लेखी कळवायची तुम्ही सांगितलेली तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईनं लिहिलीय, तिच्या आधीच्या महिन्यावर एक खूणही केलीय.

तुम्ही इतकी वर्षं ऑफिसात आवक-जावकचं टेबल सांभाळलंत. त्या कामाला कुणी कधी विद्या म्हटलं नसेल. मी म्हणते. माझ्याकडून एक पैसा न घेता तुम्ही ती विद्या मला दिलीत, तीही मला माझ्या अडाणीपणाची लाज वाटू न देता. मनापासून आभार.

नोंदवही अजून रोज लिहिते, ते दोन रकाने धरून. करार नवा करायचा की मशीन परत करायचं हे ठरवायची वेळ येईल तेव्हा ती घेऊन तुमच्याकडे येईन. चष्मा जवळ ठेवा.

तुमची,
बियाण्यांची पाकिटं पाठवणारी