साखळीची एक झिजलेली कडी

महोदय,

जमिनीच्या मोजणीत आकडा चुकला की दोष माणसाला दिला जातो. साधनाकडे कुणी पाहत नाही. प्राचीन इजिप्तमध्ये नाईलचा पूर ओसरला की दोरी ताणून बांध पुन्हा आखत. दोरी ओलीने आखडते, ताणाने वाढते. रोमन लोकांचा 'ग्रोमा' म्हणजे काठीवरची आडवी फुली आणि तिच्या चार टोकांना लोंबणारे ओळंबे. काटकोन सुरेख मिळे, पण वारा सुटला की ओळंबे हलत.

१६२० मध्ये एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने मोजणीसाठी ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी आणली. दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर, त्यामुळे हिशेब दशमानात सुटसुटीत झाला. क्रिकेटच्या खेळपट्टीची २२ यार्ड लांबी म्हणजे हीच एक साखळी! दर दहा कड्यांना दात कापलेली पितळी खूण असे. दात मोजायचे आणि आकडा वाचायचा. मात्र वापराने कड्या झिजून साखळी लांबली, की तेच शेत कागदावर लहान भरे. पुढे थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या यंत्राने कोन अचूक केले आणि आता उपग्रह आले.

म्हणूनच कळकळीची विनंती: जुने नकाशे संगणकावर चढवताना मूळ मोजणी कोणत्या साधनाने झाली, याची नोंद सोबत ठेवावी. दोन मोजण्यांत हातभर फरक दिसला म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरलाच, असे नसते.

– एक वाचक