ऑनलाइन वर्गातून तोलाचे व्यायाम गाळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की मुंबईतल्या अनेक ज्येष्ठांचे सकाळचे व्यायामवर्ग मोबाइलवर जातात. २०२० च्या टाळेबंदीत लागलेली ही सवय चांगलीच. ओल्या पेव्हर ब्लॉकवरून छत्री सावरत मैदान गाठण्यापेक्षा घर बरे. पण कोणी पडले तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने उभ्याचे व्यायाम हळूहळू गाळले जातात आणि खुर्चीत बसून हात वर-खाली करणे तेवढे उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना तर सांगतात की, ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत. म्हणजे गळते ते नेमके हवे तेच.

शाळेत वर्षानुवर्षे पी.टी. शिकवल्याने शिक्षकांची अडचण कळते. मैदानात डगमगणाऱ्याचा दंड धरता येतो, पडद्यातून नाही. मग तो आधार घरातच शोधायला हवा, आणि तो आहे: स्वयंपाकघराचा ओटा. कमरेइतका उंच, जागचा न हलणारा. तो धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, कडेकडेने चालणे चाळीतल्या खोलीतही जमते. प्लास्टिकची खुर्ची मात्र नको, लादीवर सरकते. लाकडी घ्यावी, तीही भिंतीला टेकवून.

मोबाइल बहुतेक जण असा ठेवतात की चेहरा आणि छताचा पंखा दिसतो. शिक्षकाने चेहरा पाहून काय करायचे? पावले दिसली पाहिजेत. चाळीस चौकट्यांवर एकाची नजर पुरत नाही. तुकडी आठ-दहा जणांचीच असावी. मोजणी शिक्षकानेच करावी, बाकीच्यांचे माइक बंद, नाहीतर प्रत्येक घरातला 'तीन' वेगळ्या वेळी येतो. सुरुवातीची पाच मिनिटे मात्र माइक उघडे असू द्यावेत. निम्मी मंडळी गप्पांसाठीच येतात, आणि त्यात वावगे काही नाही.

प्रत्येकाचा पत्ता आणि शेजाऱ्याचा फोन नंबर शिक्षकासमोर कागदावर लिहिलेला हवा. दादरहून शिकवताना बोरिवलीत कोणी पडले, तर १०८ ला काय सांगणार? ज्यांना चक्कर येते किंवा जे नुकतेच पडले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून आणि घरचे कोणी जवळ असतानाच उभ्याचे व्यायाम करावेत.

ज्येष्ठ नागरिक संघांना एक विनंती. मे महिन्यात सर्वांना प्रत्यक्ष बोलवा, हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत कोण किती वेळा खुर्चीतून उठतो ते वहीत लिहा आणि दिवाळीला पुन्हा मोजा. आकडा घसरला असेल, तर त्या सदस्याला आधी प्रत्यक्ष वर्गात घ्या.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, गोरेगाव