डेस्काच्या चोरकप्प्यातील मोडी चिठ्ठी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या जुन्या बाजारातून गेल्या महिन्यात मी उतरत्या झाकणाचे एक सागवानी बैठे डेस्क विकत घेतले. पूर्वी पेढीवर दिवाणजींच्या पुढ्यात असे, तसे. झाकणाची बिजागरी निखळली होती म्हणून ते सुताराकडे दिले. त्याने दोन्ही खण बाहेर काढले, तेव्हा उजवा खण डाव्यापेक्षा चार बोटे आखूड भरला आणि त्यामागची फळी सरकवताच अंगठ्याएवढ्या घड्या घातलेला एक कागद हाती आला.

मजकूर मोडीत होता. माझी आजी वाणसामानाची यादी मोडीत लिहीत असे, पण पुढे घरात ती लिपी कोणी शिकले नाही. आधी डावीकडून उजवीकडे सलग शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरे गुंफत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मानायचा नाही, अशी ही लिपी असल्याने जाणकारालाही ती चाचपडतच लावावी लागते. एका स्नेह्यांनी पहिला शब्द ‘पाटलास’ असा लावला आणि आम्ही जमिनीचा व्यवहार समजून बसलो. भिंग धरल्यावर तो ‘पाटल्या’ निघाला. पाटल्या मोडून आलेले रुपये ११२, आणे ६. पैकी ४० धाकट्याच्या फीस दिले. घरात कोणास कळू न देणे. खाली शके १८५६, आश्विन वद्य, म्हणजे इसवी सन १९३४. सही नाही. पाटल्या कोणाच्या आणि लपवायचे कोणापासून, ते काही केल्या उलगडत नाही.

विक्रेत्याकडे चौकशी केली, तर हे डेस्क एक वाडा पाडताना निघालेल्या सामानातले, एवढेच त्याला ठाऊक होते. असल्या सामानात सापडणारे कागद पॉलिशच्या आधी बंबात जातात, असेही त्याने सहज सांगितले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून घराघरांतली दप्तरे मिळवली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामुळे सनदा, वतनपत्रे आणि लढायांच्या बातम्या पुष्कळ बचावल्या. फीसाठी पाटल्या मोडल्याची चिठ्ठी मागायला मात्र कोणी दारात येत नाही. म्हणून वाडे रिकामे करणाऱ्यांना विनंती, की सामान विकण्यापूर्वी प्रत्येक खण पुरता बाहेर काढून त्याच्या मागे हात घालून पाहावा आणि मोडी कागद निघाल्यास तो जाणकाराला दाखवल्याशिवाय टाकू नये.

चिठ्ठीचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर का टाकत नाही, असे मला अनेकांनी विचारले. कोणास कळू न देण्याची ताकीद असलेला कागद घरोघर फिरवणे मला प्रशस्त वाटत नाही. मजकूर येथे दिला, तोही त्यात कोणाचे नाव नाही म्हणूनच. तो ज्यांच्या घरचा असेल, त्यांना मात्र परत करायचा आहे. डेस्काच्या झाकणाला आतून चाकूने काहीतरी कोरलेले आहे. ते काय, हे जे आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर अचूक कळवतील, त्यांना मी चिठ्ठी स्वतः नेऊन देईन, आणि हवे असल्यास डेस्कही.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे