‘मंत्रमुग्ध’ म्हणजे नेमके काय झाले?

माननीय संपादक महोदय,

वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात गाणे असले की मी जाते आणि दुसऱ्या दिवशी बातमीही वाचते. बातमी कोणत्याही दैनिकातली असो, ‘रसिक मंत्रमुग्ध’, ‘मैफल रंगली’, ‘टाळ्यांचा कडकडाट’ हे ठरलेले. दीपप्रज्वलनाची सहा नावे येतात; तबल्यावर कोण होते ते मात्र येत नाही.

परवाचेच घ्या. गायिकेने विलंबित, म्हणजे संथ, एकतालात यमन राग मांडला. बारा मात्रांचे आवर्तन मिनिटभर चाललेले आणि बाई निषादावर, म्हणजे ‘नी’वर, अशा रेंगाळल्या, की षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, हातच लावेनात. लावला तेव्हा अख्ख्या सभागृहाने श्वास सोडला. पुढे बढत, म्हणजे रागाचा विस्तार, सावकाश झाली; बोल-ताना (बंदिशीच्या शब्दांवरच्या ताना) मात्र जरा घाईत उरकल्या असे मला वाटले. छापून काय आले? ‘यमन रागाने श्रोत्यांना वेगळ्या विश्वात नेले.’ ही ओळ मारवा किंवा भैरवीलाही चालली असती, त्यात यमन कुठे आहे?

नंतर कथक होते. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट नेमका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. नर्तकीने ती अशी फिरवली, की आता चुकणार असेच वाटावे. माझ्या मागचे गृहस्थ बोटांवर मात्रा मोजत होते. सम आली तसे ओरडले, “पोट्टी काय बरोबर येऊन राहिली बावा!” त्या दिवसाचे सर्वात अचूक समीक्षण तेच. बातमीत ‘नयनरम्य पदन्यास’ होता, आणि फोटोखाली चक्क ‘भरतनाट्यम’. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर वळवून अर्धमंडलात बसतात; ही मुलगी तर ताठ उभी राहून तत्कार, म्हणजे कथकचे पायांचे बोल, करत होती. एवढे फोटोतही दिसते.

आपल्या घरच्या कलांची गत याहून वाईट. खडी गंमत हे आपले विदर्भातले लोकनाट्य, पण ती सर्रास ‘लोकनृत्य’ म्हणून छापली जाते. शाहीर उभ्याने गातात म्हणून ती ‘खडी’. तिच्यात डफ आहे, नाच्या (बाईच्या वेशात नाचणारा पुरुष) आहे, सवाल-जवाब आहेत. हे शब्द आमच्या आजोबांच्या रोजच्या बोलण्यातले, त्यासाठी कोश उघडायला नको.

वार्ताहरांना मी दोष देत नाही. एका संध्याकाळी तीन कार्यक्रम करायचे, म्हणजे दिवा लागला की निघावेच लागत असेल. पण निदान राग, ताल आणि साथीदारांची नावे विचारून घ्यायला हरकत नाही. मध्यंतरात तबलजी आणि पेटीवाले आत चहाच पीत असतात. विचारले तर हौसेने सांगतात, वर कपभर चहाही पाजतात.

– एक निवृत्त शिक्षिका,
महाल, नागपूर