नाशिकच्या रस्त्यावर आधी बसला वाट द्या : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नाशिकसाठी मेट्रो निओ, लाइट रेल की बसची राखीव मार्गिका, याचा निर्णय घेण्यापूर्वी करावयाची विनंती

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोच्या २,०९२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाची घोषणा झाली, त्या दिवशी इतर अनेक नाशिककरांप्रमाणे मलाही मनापासून आनंद झाला होता. सुमारे ३३ किलोमीटरचे दोन मार्ग, एक गंगापूरकडून सातपूर, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि द्वारकामार्गे नाशिकरोडपर्यंत आणि दुसरा गंगापूर गावाकडून मुंबई नाक्यापर्यंत, खांबांवर उभारायचे आणि त्यांवरून रबरी चाकांच्या, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणाऱ्या लांब जोडबस चालवायच्या, अशी ती मेट्रो निओची कल्पना होती. त्या घोषणेला आता वर्षे लोटली. शहरात कोणी अजून मेट्रो निओचाच आग्रह धरतो, कोणी म्हणतो की थांबलोच आहोत तर रुळांवरची लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी हलकी रेल्वे, घ्यावी, आणि बसच्या राखीव मार्गिकेचा म्हणजे बीआरटीचा विषय काढला की ‘पुण्यात काय झाले ते पाहिले ना’ या एका वाक्यावर चर्चा संपते. ती तिथे संपू नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकरोडला राहतो. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे कामावर बसनेच गेलो. तेव्हा शहर बससेवा एसटी महामंडळाकडे होती. ८ जुलै २०२१ पासून ती महापालिकेची सिटीलिंक झाली. निवृत्तीनंतरही माझे जाणे-येणे बसनेच असते. अलीकडेच एका सोमवारी संध्याकाळी सीबीएसहून घरी निघालो होतो. द्वारका चौकाच्या अलीकडे बस थांबली, ती दोन-दोन हात सरकत राहिली. बसमध्ये साठ-पासष्ट माणसे दाटीने उभी होती. खिडकीतून पाहिले तर आमच्या बसच्या लांबीत शेजारी तीन मोटारी उभ्या होत्या आणि त्या तिन्हींत मिळून चार माणसे बसलेली होती. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एक बाई फोनवर मुलाला सांगत होत्या, “तांदूळ धुऊन कुकर लाव, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. मी अजून द्वारकेलाच आहे.” पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी हाच फोन आणखी दोनदा केला.

त्या बाईंना घरी लवकर पोहोचवण्यासाठी आकाशात नवा रस्ता बांधायचा की जमिनीवरच्या रस्त्यातला एक पट्टा त्यांच्या बसला द्यायचा, हा या वादाचा गाभा आहे असे मला वाटते. चाके रबरी असावीत की लोखंडी, हा प्रश्न त्यानंतरचा.

लाइट रेलविषयी माझ्या मनात आकस नाही. उलट, नाशिकरोड स्थानकापासून गावातल्या मेन रोडपर्यंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम सुरू झाली होती आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती चालली, ही गोष्ट आमच्या घरात मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकत मी लहानाचा मोठा झालो. रुळांवरच्या गाडीचे गुण खरेच आहेत. ती हेलकावे न देता चालते, एका चालकाच्या हाताखाली बसच्या दुप्पट-तिप्पट माणसे जातात, डबे बसपेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकतात, आणि एकदा रूळ पडले की पुढचा नगरसेवक ते एका रात्रीत उखडू शकत नाही. हा शेवटचा गुण मी सर्वांत मोठा मानतो, कारण बसच्या मार्गिकेची सर्वांत मोठी दुबळी बाजू नेमकी तीच आहे.

परंतु क्षमतेचा हिशेब मांडला की नाशिकपुरते चित्र बदलते. केंद्राच्या निकषांप्रमाणे मेट्रो निओ ही गर्दीच्या तासाला एका दिशेने सुमारे ८,००० प्रवाशांसाठी आणि रुळांवरची मेट्रोलाइट, म्हणजे लाइट रेलच, सुमारे १५,००० प्रवाशांसाठी योजलेली आहे. आता रस्त्यावर बससाठी राखीव अशी एकच मार्गिका असेल आणि तिच्यावरून दर मिनिटाला १८ मीटरची एक जोडबस १३० माणसे घेऊन गेली, तर तासाला ७,८०० प्रवासी होतात. आज रस्त्यावर असलेल्या साध्या १२ मीटरच्या बसमध्ये सत्तर माणसे धरली, तरी ४,२०० होतात. म्हणजे मेट्रो निओ जेवढी माणसे नेणार, जवळपास तेवढीच माणसे जमिनीवरून नेता येतात. पुढे गर्दी वाढली तर थांब्यांजवळ बसला बस ओलांडता येईल एवढी जादा मार्गिका करता येते. कोलंबियातल्या बोगोटात २००० साली सुरू झालेली ट्रान्समिलेनिओ ही बससेवा याच युक्तीवर तासाला एका दिशेने तीस हजारांहून अधिक प्रवासी नेते.

खर्चाचेही तसेच आहे. २,०९२ कोटींना ३३ किलोमीटरने भागले तर किलोमीटरला साधारण ६३ कोटी रुपये येतात आणि हा आकडा २०२१ च्या दरांचा आहे. विजेवर चालणारी १२ मीटरची बस दीड कोटीच्या आसपास धरली, तर खांबांवरच्या एका किलोमीटरच्या पैशांत चाळीस बस येतात. रुळांची गाडी उन्नत मार्गावर नेली तर किलोमीटरचा खर्च यापेक्षा कमी होण्याचे काही कारण दिसत नाही.

बांधून झाल्यावरचा खर्च हा त्याहून नाजूक विषय आहे. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा हे झपाट्याने वाढणारे शहर. तिथे २०१५ मध्ये चिनी कर्जातून सुमारे ३४ किलोमीटरची लाइट रेल सुरू झाली आणि साऱ्या आफ्रिकेत तिचे कौतुक झाले. काही वर्षांतच सुटे भाग मिळेनासे झाले, ते आणायला परकीय चलन नव्हते, आणि ४१ गाड्यांपैकी अर्ध्याहून अधिक डेपोत उभ्या राहिल्या. आपली स्थिती तेवढी बिकट नाही हे मान्य. पण एकाच शहरासाठी वेगळ्या जातीची गाडी, वेगळा डेपो आणि वेगळे कारागीर पोसायचे, तर दर वर्षी महापालिकेच्या तिजोरीतून किती रक्कम जाणार आणि ती कोण देणार, हे खांब उभे राहण्याच्या आधी कागदावर यायला हवे. बस बिघडली तर तिचा भाग नाशिकमध्येच मिळतो आणि ती दुरुस्त करणारा माणूसही इथेच आहे.

आता पुण्याविषयी, कारण त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी प्रयोग सुरू झाला. मार्गिका सलग नव्हती, नेमक्या चौकात ती तुटायची, आणि जिथे कोंडी सर्वांत जास्त तिथेच बस पुन्हा इतर वाहनांत मिसळायची. दुचाक्या आत शिरत आणि त्यांना अडवणारे रोज कोणी नसे. पुढे कुठे उड्डाणपुलासाठी, कुठे मेट्रोच्या कामासाठी तुकडे काढले गेले. नगर रस्त्यावरची मार्गिकाही गेली. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा टप्पा झाला. तो काढून टाकण्याची मागणी २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली, तरीही २०१६ मध्ये तो उखडला गेला. मोटारीत बसलेल्यांचा आवाज बसमध्ये उभ्या असलेल्यांच्या आवाजापेक्षा मोठा ठरला, असेच त्याचे वर्णन मी करीन. या दोन्ही ठिकाणी बसने हार खाल्ली नाही. बसला दिलेली जागा राखण्याची हिंमत प्रशासनात टिकली नाही. त्याच काळातला पिंपरी-चिंचवडचा सांगवी–किवळे मार्ग पाहावा. तिथे रस्ता रुंद होता, मार्गिका आणि थांबे आधी पूर्ण केले, आणि २०१५ पासून तिथे बस चालत आहेत.

अहमदाबादची बीआरटी, म्हणजे तिथला जनमार्ग, मी स्वतः पाहिला आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये साडेबारा किलोमीटरने सुरू झालेले ते जाळे पुढे ऐंशी किलोमीटरच्या पलीकडे गेले. रस्त्याच्या मधोमध बंदिस्त थांबा, तिकीट आत शिरतानाच, आणि फलाटाची उंची बसच्या पायरीइतकी. माझ्यापुढे काठी टेकत चाललेल्या एक आजी होत्या. बसचे दार फलाटाला येऊन भिडले आणि पाय वर न उचलता, जशा घरातल्या उंबऱ्यावरून जातील तशा, त्या आत गेल्या. त्यांच्यासाठी कोणाला हात पुढे करावा लागला नाही. शहर बसच्या तीन उंच पायऱ्या ज्याने सत्तरीत चढून पाहिल्या आहेत, त्याला यातले सुख सांगावे लागणार नाही. उन्नत मार्गावर हेच सुख सरकत्या जिन्यावर आणि उद्वाहकावर अवलंबून राहते, आणि चार-पाच किलोमीटरच्या प्रवासासाठी दोन मजले चढून-उतरून जाण्यात वेळेची बचतही फारशी उरत नाही.

नाशिकमध्ये सर्वच रस्त्यांवर हे जमेल असा माझा दावा नाही. शालिमार, रविवार कारंजा, मेन रोड या भागांत मार्गिकेला जागा नाही. तिथे लहान बस, एकेरी वाहतूक आणि रस्त्याकडेच्या वाहनतळावर कडक बंदी एवढेच हातात आहे. परंतु द्वारका ते नाशिकरोड हा दुभाजकाचा आणि त्या मानाने रुंद रस्ता आहे. सातपूरकडे जाणाऱ्या त्र्यंबक रस्त्याचाही बराच भाग तसा आहे. दोन मार्गिकांना सात मीटर आणि थांब्याच्या ठिकाणी फलाटाला आणखी तीन-चार मीटर लागतात. ही जागा मोटारींकडून घ्यावी लागेल, हे मी लपवत नाही. व्यापारी आणि वाहनधारक नाराज होतील, पहिले काही महिने वर्तमानपत्रांत रोज छायाचित्रे येतील. त्या महिन्यांत आपण ठाम राहिलात तरच पुढचे काही घडेल, आणि म्हणूनच हे पत्र महापालिकेला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. खांबांवरच्या मार्गाची ओढ सर्वपक्षीय आहे, कारण तो कोणाचीही जागा घेत नाही, फक्त पैसे घेतो. जागेचा निर्णय मात्र टाळता येतो तेवढा टाळला जातो.

या शहराला बससाठी रस्ता मोकळा करणे नवे नाही. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी खासगी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवली गेली आणि तिथून भाविकांची ने-आण एसटीच्या गाड्यांनी केली. पोलीस, एसटी आणि महापालिका यांनी ते एकत्र येऊन केले. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांवर मोठा निधी येत आहे. त्याच कामांत द्वारका–नाशिकरोड रस्त्याची आखणी बसच्या मार्गिकेसह झाली, तर पर्वणी संपल्यावर ती शहराला कायमची मिळेल. पुढे पंधरा-वीस वर्षांनी त्याच पट्ट्यावर रूळ टाकायची वेळ आली, तर जागा तयार असेल आणि लाइट रेल उन्नत न बांधता जमिनीवरूनच नेता येईल. आज रुळांचे समर्थन करणाऱ्या माझ्या मित्रांना मी हेच सांगत असतो.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने बस, लाइट रेल, मेट्रो अशा पर्यायांची तुलना बंधनकारक केली आहे. नाशिकसाठीची ही तुलना आजच्या दरांनी नव्याने करावी, तीत जमिनीवरची बस मार्गिका त्याच प्रवासीसंख्येवर तोलून पाहावी, चालवण्याच्या वार्षिक खर्चाचा भार कोणावर हे स्पष्ट लिहावे, आणि तो अहवाल मराठीत लोकांसमोर ठेवून मगच मंत्रिमंडळापुढे न्यावा. दरम्यान द्वारका ते दत्तमंदिर या टप्प्यावर सहा महिन्यांसाठी बसची मार्गिका आखून, चौकातही न तोडता, रोज पहारा ठेवून चालवून पाहावी. रंग, अडथळ्यांचे खांब आणि वाहतूक पोलिसांची दोन पाळ्यांची नेमणूक एवढ्यावर हे होण्यासारखे आहे. या सहा महिन्यांत बसला लागणारा वेळ आणि चढणारी माणसे मोजावी लागतील. त्या मोजणीसाठी आमच्या भागातले आम्ही दहा-बारा निवृत्त लोक सकाळ-संध्याकाळ थांब्यावर वही घेऊन उभे राहायला तयार आहोत. आपल्या कार्यालयाने कोणत्या थांब्यावर उभे राहायचे ते कळवावे.

आपला नम्र,
नाशिकरोडचा एक बसप्रवासी