‘निवडणारा कोण?’ असे विचारणाऱ्या आप्पांचे जाहीर आभार

नाशिक

आदरणीय आप्पांना,
सादर रामकृष्ण हरी.

पालकसभेत आपण माझ्या शिकवण्यावर सर्वांसमक्ष हरकत घेतली होती, म्हणून आभारही सर्वांसमक्षच मानावेत असे मला वाटले. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. तो शिकवून झाल्यावर आपल्या नातीने घरी जे सांगितले ते ऐकून आपण निफाड तालुक्यातल्या आपल्या गावाहून शाळेत आलात आणि म्हणालात, की माळकऱ्याच्या घरातल्या पोरीला माकडाची वंशावळ शिकवायची असेल, तर आधी ती आम्हाला पटवून द्या. मी जीवाश्म, अवशेषांगे म्हणजे उपयोग न उरलेले अवयव, भ्रूणांमधील साम्य असे पुस्तकातले पुरावे एकामागून एक सांगत सुटले. ते सगळे खरे होते, पण त्यातले काहीही आपल्या हाताखालून गेलेले नव्हते, आणि आपल्या हाताखालून काय गेले आहे हे विचारण्याचे मला सुचले नाही. ते आपणच सुचवलेत. सभा संपल्यावर दाराशी थांबून आपण विचारलेत, “बाई, तुम्ही कधी कांद्याचं बी धरलंय का?”

पुढच्या शनिवारी आपण कांदा साठवण्याच्या चाळीतल्या उन्हाळ कांद्याची गोणी वर्गात आणून ओतलीत आणि मुलांना बियाण्यासाठी कांदे निवडायला सांगितलेत. मुलांनी साहजिकच सर्वांत मोठे कांदे उचलले. आपण त्यातले जोडकांदे आणि जाड मानेचे कांदे बाजूला काढले आणि पाच-सहा महिने चाळीत राहूनही ज्यांना मोड आला नाही, असे एका डोळ्याचे, बारीक मानेचे, मध्यम कांदे तेवढे ठेवलेत. आपल्या वडिलांपासून हीच निवड चालू असल्यामुळे घरच्या बियाण्यात जोडकांदे आता कमी निघतात, असेही सांगितलेत. पिढ्यांमागून पिढ्या होणारी निवड हा शब्द मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. तो उचलून हातात धरता येतो हे मला त्या दिवशी कळले. डार्विनने 1859 सालच्या आपल्या ग्रंथाची सुरुवातही माणसाने पाळलेल्या कबुतरांपासून आणि लावलेल्या पिकांपासूनच केली होती, पण ही गोष्ट मी मुलांना कधी सांगितलीच नव्हती.

मला वाटले, आता काम झाले. नेमका तेव्हाच आपण तो प्रश्न विचारलात, ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे. “इथं निवडणारा मी आहे. रानात निवडणारा कोण?” आप्पा, या दृष्टान्तातली सर्वांत कच्ची जागा तीच आहे, आणि श्रद्धाळू माणसाला ती आमच्यासारख्या शिक्षकांच्या आधी दिसते. तिच्यावरून घाईने पुढे जाणारा शिक्षक ऐकणाऱ्याचा विश्वास गमावतो. मी त्या दिवशी उत्तर देऊ शकले नाही. ‘पुढच्या शनिवारी सांगते’ म्हणाले, आणि आपण त्याचा विजय म्हणून उपयोग केला नाहीत.

उत्तरही अखेर आपल्याच द्राक्षबागेत निघाले. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर ढगाळ हवा आली, डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी एकाच गटाचे आंतरप्रवाही, म्हणजे वेलीत भिनणारे औषध पुन्हा पुन्हा मारले, तर पुढे ते लागू पडत नाही, म्हणून गट बदलावा लागतो, असे आपण सहज बोलून गेलात. “बुरशी सरावते,” हे आपले शब्द होते. त्या शब्दावर आम्ही पूर्ण तास घालवला. ताटात 190 साबुदाणे आणि 10 मोहरीचे दाणे घेतले. साबुदाणा म्हणजे औषधाने मरणारी बुरशी आणि मोहरी म्हणजे मुळातच थोडी वेगळी असल्याने तगणारी. प्रत्येक ‘फवारणीत’ दर दहापैकी नऊ साबुदाणे काढायचे, मोहरीला हात लावायचा नाही, आणि उरलेल्यांच्या प्रमाणात ताट पुन्हा भरायचे. पहिल्या फवारणीनंतर 19 साबुदाणे आणि 10 मोहऱ्या उरल्या. तिसऱ्या फवारणीनंतर ताट जवळजवळ काळे झाले. एकही साबुदाणा सरावून मोहरी झाला नव्हता. जी आधीपासून वेगळी होती तिचीच संतती वाढली होती, आणि ही निवड कोणी केली, तर ज्याला नेमके उलटे हवे होते त्या शेतकऱ्याच्या फवारणीने. आपण बराच वेळ ताटाकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, “म्हणजे निवड होते, पण निवडणारा लागतोच असं नाही.” हे वाक्य मी तेव्हापासून वर्गात आपल्याच शब्दांत सांगते. कांद्याच्या चाळीनेही तेच केले होते, कारण सडणारे कांदे आपण निवडण्याआधीच संपले होते. पण ते आम्हाला मागाहून दिसले.

मुळात वेगळेपण येते कुठून, हेही आपल्याला विचारायचे होते, पण ते द्राक्षवाल्याला फार समजवावे लागले नाही. वेल काडीपासून लावतात, बीपासून नाही, तरी थॉमसन या द्राक्षजातीच्याच वेलींमधून निवडलेल्या तास-ए-गणेश आणि सोनाका आज वेगळ्या जाती म्हणून ओळखल्या जातात. म्हणजे कोणी न करताही अधूनमधून वेगळेपण आपोआप उपजते.

माकडाचा प्रश्न मात्र दृष्टान्तावाचून सुटेना. एका पालकांनी दशावताराचा दाखला सुचवला, मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम आहेच म्हणून. मला तो सोपा वाटला होता, आणि नको म्हणणारे आपण होता. श्रद्धेच्या गोष्टीला पुराव्याच्या कामाला जुंपू नका, असे आपण म्हणालात. शिक्षिका म्हणून मला आणखी एक अडचण दिसते, ती अशी, की त्या क्रमाने उत्क्रांती एकावर एक पायऱ्यांची शिडी वाटते, प्रत्यक्षात तिला फांद्या आहेत. त्याऐवजी आपण रोज वाचता त्या ज्ञानेश्वरीची आठवण आपणच काढलीत. हाताने नकला होत गेल्या, पाठभेद वाढले, आणि एकनाथ महाराजांनी 1584 साली अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला. मग मुलांनी एक उतारा एकमेकांच्या वहीवरून उतरवत नेला आणि दुसऱ्या गटाने केवळ चुका पाहून कोणती वही कोणावरून उतरवली हे शोधले. दोन वह्यांत एकच चूक एकाच जागी असेल, तर मूळ वही एक, हे मुलांना कोणी सांगावे लागले नाही. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. आपल्यात आणि चिंपांझी, गोरिलांमध्ये त्यासाठी लागणारे एकच जनुक मोडलेल्या अवस्थेत सापडते, हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता झाली ती आपणही अनुभवलीत. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. दोघांचा पूर्वज सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो आज हयात नाही.

आजींचेही आभार मानायचे आहेत. त्यांचे जुने नऊवारी लुगडे आम्ही पटांगणात पसरले आणि 460 कोटी वर्षे त्यावर मांडली, म्हणजे वाराला सुमारे 51 कोटी. दोन वार सरल्यावर थोड्या अंतरावर सूक्ष्मजीवांचे सर्वांत जुने जीवाश्म, शेवटचा वार सुरू होताना ट्रायलोबाइट हे समुद्रातले, आता नामशेष झालेले कवचधारी प्राणी, आणि पांडवलेणी ज्यात कोरली आहेत तो काळा दगड काठापासून अर्ध्या वितीवर. माणूस शेवटच्या एका धाग्यात मावला. तो धागा आजींनी स्वतः बोटाने दाखवला.

सर्व आपल्याला पटले असे आपण कधी म्हणाला नाहीत, आणि मीही तसे लिहिणार नाही. हे नियम घालून देणारा कोण, हा आपला प्रश्न आपल्याजवळच आहे. माझ्या विषयाकडे त्याचे उत्तर नाही, हे मी वर्गात स्पष्ट सांगते. आपण नातीला धडा शिकू दिलात आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसून ऐकलात, त्यासाठी मी ऋणी आहे.

आपण निवडून दिलेले कांदे आम्ही शाळेमागच्या वाफ्यात लावले आहेत. शेजारच्या ओळीत मुलांनी मुद्दाम जोडकांदे लावले आहेत, दोन्हींचे बी वेगळे धरून ताडून पाहण्यासाठी. डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघाले आहेत. बियांचे गोंडे कधी तोडायचे हे आम्हाला कळत नाही, तेव्हा आजींना घेऊन एखाद्या शनिवारी यावे.

आपली नम्र,
दहावीची विज्ञान शिक्षिका