'जुन्या जपानी खेळण्यांच्या जाहिराती' या टेम्प्लेटबाबत तक्रार व पैसे परत मिळण्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या एआय चित्रसेवेचं वर्षभराचं सदस्यत्व मी या एका टेम्प्लेटसाठी घेतलं. 'सत्तरच्या दशकातली हुबेहूब जपानी जाहिरात, एका क्लिकवर' असं तुम्ही छातीठोकपणे लिहिलं आहे. हुबेहूब सोडा, दशकही जुळत नाही.

मी मागितली होती १९७४ सालची जाहिरात. त्या वर्षी पोपी या खेळण्यांच्या कंपनीने टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या माझिंगर झेडचा 'चोगोकिन' रोबो बाजारात आणला. जस्ताच्या मिश्रधातूचा, हातात घेतल्यावर वजन जाणवणारा. तुमच्या चित्रात आला चावी देऊन चालणारा पत्र्याचा रोबो, म्हणजे आधीच्या पिढीचं खेळणं. वर खोक्यावर बारकोड! जपानमध्ये बारकोडचं मानक ठरलं तेच मुळी १९७८ साली.

अक्षरांबद्दल तर बोलायलाच नको. लांबून कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं वाटतात, जवळून पाहिलं तर अर्धं कांजी, अर्धं काताकाना या दुसऱ्या जपानी लिपीतलं आणि मध्ये तीन ठिपके. 'अक्षरं सजावटीपुरती असतात' असं उत्तर तुमच्या प्रतिनिधीने दिलं. हे पोस्टर पुण्यातल्या जपानी भाषेच्या वर्गाच्या कार्यक्रमासाठी आहे. तिथे येणारा प्रत्येक जण ती अक्षरं वाचणार आहे. शिवाय त्या जाहिरातींत निम्मं चित्र अक्षरांचंच असायचं: तिरकी, जाडजूड, भोवती पांढरी कड, तिच्याबाहेर काळी.

खरा राग मात्र पिवळेपणाचा आहे. प्रत्येक चित्रावर चहाचं पाणी ओतल्यासारखा रंग आणि घड्यांच्या रेघा. अहो, त्या जाहिराती छापल्या तेव्हा जुन्या नव्हत्या! भडक लाल, झगझगीत पिवळा, निळंशार आकाश. छपाईचे बारीक ठिपके, आणि रंगाची प्लेट जराशी सरकली की रेषेबाहेर डोकावणारी लाल कड. यातलं काहीच तुमच्याकडे नाही. 'पिवळेपणा नको' असं लिहून दिलं, तर आजच्या मोबाइलच्या जाहिरातीसारखं गुळगुळीत चित्र आलं. म्हणजे टेम्प्लेटमध्ये त्या पिवळ्या थराखेरीज काही नाहीच.

शिगेरू कोमात्सुझाकींसारखे चित्रकार जोडायच्या प्लास्टिक मॉडेलच्या खोक्यांवर धूर, स्फोट, झेपावणारी यानं रंगवायचे. आतलं खेळणं त्या चित्राइतकं देखणं क्वचितच निघायचं, पण ती थाप तरी हाताने रंगवलेली असायची.

सदस्यत्वाची पूर्ण रक्कम परत करावी आणि जाहिरातीतून 'हुबेहूब' हा शब्द काढावा. त्याऐवजी 'मोफत क्रेडिट' नकोत. तीच चित्रं आणखी घेऊन मी काय करू? पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार नोंदवेन. मी दिलेल्या सूचना, आलेली चित्रं, पैसे भरल्याची पावती आणि तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर सोबत जोडलं आहे.

आपली,
एक सदस्य ग्राहक, पुणे